‘आणि’ की ‘परंतु’? : ख्रिस्ती नीतिविचारातील एका वाक्यसंधीची चिकित्सा

योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची कथा येते. तिचा शेवट येशूच्या दोन विधानांनी होतो. आपणही तिला दोषी ठरवीत नाही, हे पहिले विधान. तिने जावे आणि यापुढे पाप करू नये, हे दुसरे. लैंगिक नीतीच्या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये गेली पन्नास-साठ वर्षे जो वाद चालू आहे, त्यात या कथेचा आधार दोन्ही पक्ष घेतात. प्रेम व स्वीकार यांवर भर देणारा पक्ष पहिल्या विधानापाशी थांबतो. परंपरागत नीतीचा कैवार घेणारा पक्ष पहिले विधान घाईने उरकून दुसऱ्यावर येतो. परंतु या दोन विधानांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो ईश्वरविज्ञानाचा प्रश्न तर आहेच. पण त्याआधी तो व्याकरणाचा प्रश्न आहे.

मूळ ग्रीक संहितेत पहिल्या विधानाचे क्रियापद ‘काताक्रीनो’ हे आहे. केवळ ‘क्रीनो’ म्हणजे पारख करणे, न्याय करणे. ‘काता’ हा उपसर्ग लागल्यावर त्याला विरुद्ध निर्णय देण्याचा, शिक्षा ठोठावण्याचा अर्थ येतो. म्हणजे येथे नाकारलेली गोष्ट पारख नसून शिक्षा आहे. दुसऱ्या विधानात ‘जा’ या आज्ञेनंतर ‘यापुढे नाही’ अशा अर्थाचे अव्यय व वर्तमानकालमूलक आज्ञार्थ येतो. एखाद्या एकट्या कृत्याची मनाई करण्यापेक्षा वर्तनाचा क्रम थांबविण्याकडे त्या रूपाचा कल असतो. आता या दोहोंमधील सांधा पाहू गेले असता तेथे जवळजवळ काहीच नाही, असे दिसते. ‘आणि’ या अर्थाचे ‘काइ’ हे अव्ययदेखील काही हस्तलिखितांत आहे, काहींत नाही. म्हणून आधुनिक संपादक ते चौकटी कंसात छापतात. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे न्यूनत्वबोधक ‘परंतु’ नाही, परिणामबोधक ‘म्हणून’ नाही आणि संकेतबोधक ‘जर-तर’ तर नाहीच. फार झाले तर समुच्चयबोधक ‘आणि’ आहे.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. ती स्त्री पश्चात्तापाचा एक शब्दही बोलत नाही. तिला विचारले जाते की तिला कोणी दोषी ठरविले नाही काय, आणि ती केवळ दोन शब्दांचे उत्तर देते : कोणी नाही, प्रभू. त्यानंतर लगेच तिची सुटका होते. सुटका आधी, आज्ञा नंतर. पहिले विधान दुसऱ्याच्या अटीवर उभे नाही. उलट बाजूने हेही तितकेच स्पष्ट आहे की दुसऱ्या विधानात ‘पाप’ या अर्थाचे क्रियापद आल्यामुळे पहिल्याचा अर्थ ‘तुझ्या हातून काही वावगे घडलेच नाही’ असा करता येत नाही. स्वीकाराला अट नाही, आणि आज्ञेला सूटही नाही. या अवघड जागी संहिता वाचकाला उभे करते व पुढे मौन धरते.

हे मौन प्राचीन मंडळीला पेलले होते की नाही, याची साक्ष खुद्द कथेच्या पाठेतिहासात सापडते. इसवी सन २०० च्या आसपासच्या व तिसऱ्या शतकातील ज्या जुन्या पपायरस-हस्तलिखितांत योहानाचा हा भाग टिकला आहे, त्यांत ही कथा नाही. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन्ही थोर हस्तलिखितांतही ती नाही. पाचव्या शतकातील बेझा-हस्तलिखितात ती आहे. काही हस्तलिखितांत ती लूकच्या एकविसाव्या अध्यायानंतर आढळते, तर काहींत योहानाच्या अगदी अखेरीस. भाषेची साक्षही प्रतिकूल आहे. ‘शास्त्री व परूशी’ ही जोडी, जी इतर शुभवर्तमानांत पदोपदी भेटते, योहानात या एका स्थळाखेरीज कोठेही नाही. आणि योहानाला अत्यंत प्रिय असलेल्या ‘ऊन’ या अव्ययाऐवजी येथे ‘दे’ची रेलचेल आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीचा व प्रक्षिप्त ओव्यांचा प्रश्न ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना ही प्रमाणे कोणत्या दिशेने बोट दाखवितात हे सांगावयास नको. कथा योहानाच्या लेखणीची नाही. पण ती जुनी आहे. तिसऱ्या शतकातील ‘दिदास्कालिया’ या ग्रंथात, पश्चात्तापी माणसाला मंडळीत परत घेण्यास बिशपाने कुरकूर करू नये, हे पटविण्यासाठी तिचाच दाखला दिलेला आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन यांनी व्यभिचारी विवाहांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक तर्क मांडला. अल्पश्रद्ध अशा काही लोकांनी, आपल्या बायकांना पाप करण्याची मोकळीक मिळेल या धास्तीने ही कथा आपापल्या प्रतींतून काढून टाकली असावी, असा तो तर्क होय. पाठचिकित्सेच्या दृष्टीने तो बहुधा चुकीचा आहे. नस्ट व वासरमन या अभ्यासकद्वयाने दाखविल्याप्रमाणे एवढा मोठा उतारा हेतुपुरस्सर गाळण्याची रीत त्या काळच्या लेखनिकांत नव्हती; कथा काढली गेली नाही, ती मागाहून घातली गेली. पण इतिहास म्हणून फोल ठरलेला हा तर्क साक्ष म्हणून अमोल आहे. दोन विधानांमधल्या रिकाम्या जागेची भीती वाटणारे गृहस्थ ऑगस्टीन यांच्या परिचयाचे होते, आणि ती भीती प्राधान्याने पत्नीच्या वर्तनाविषयीची होती, एवढे त्यावरून निश्चित होते. त्याच्या दोनशे वर्षे आधी तर्तुलियनने हाच वाद उघडपणे मांडला होता. पश्चात्ताप करणाऱ्या व्यभिचाऱ्यास क्षमा जाहीर करणाऱ्या एका बिशपाच्या फर्मानावर त्याने ‘दे पुदिकितिया’ या ग्रंथात जळजळीत टीका केली, आणि एकदा पश्चात्तापाची संधी देणाऱ्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या लोकप्रिय ग्रंथाची व्यभिचाऱ्यांचा मेंढपाळ म्हणून संभावना केली. प्रेम व नीती यांचा तोल हा आधुनिक उदारमतवादाने उपस्थित केलेला प्रश्न आहे, ही समजूत एवढ्यानेही ढासळावी.

कथेतील आणखी दोन शब्दांपाशी थांबणे अवश्य आहे. आरोप करणारे सांगतात की ही स्त्री ‘एप् ऑतोफोरो’ सापडली. या पदाच्या पोटात ‘फोर’ म्हणजे चोर हा शब्द दडलेला आहे. चोरी करतानाच पकडणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीतील ‘रंगेहाथ’ हा शब्द त्याला जवळचा, आणि दोन्हींची जात फौजदारी कचेरीतली. परंतु रंगेहाथ पकडली म्हटल्यावर तेथे दुसरा कोणी असलाच पाहिजे. लेवीय व अनुवाद या ग्रंथांतील नियमशास्त्र दोघांनाही मरणदंड सांगते; आणले गेले ते मात्र तिला एकटीला. कथाकार या विसंगतीवर एक अक्षर बोलत नाही. दुसरा शब्द म्हणजे येशू तिला ज्या नावाने हाक मारतो तो : ‘गुनाई’, बाई. याच शुभवर्तमानात काना येथील लग्नात व क्रूसावरून तो आपल्या आईला याच शब्दाने संबोधितो. शोमरोनी स्त्रीला याच शब्दाने, आणि थडग्यापाशी रडणाऱ्या मग्दालीया मरियेलाही याच शब्दाने. कथा योहानाची नसली तरी जिने तिला योहानात आणून बसविले त्या परंपरेचा कान येथे अचूक होता, असे म्हणावे लागते. आरोपी स्त्रीला तिच्या अपराधावरून पडलेले नाव या संवादात नाही.

याच मुद्द्यावर पुढील ख्रिस्ती परंपरेची पुष्कळशी परीक्षा करता येते. पापाचा तिटकारा असावा, पाप्याचा नसावा, हे वचन आज सर्वतोमुखी आहे. भारतात ते गांधीजींच्या नावावर चालते. त्यांनी आत्मकथेत त्याचा उल्लेख करून ते समजण्यास सोपे पण आचरणात दुर्मीळ असल्याची कबुलीही दिली आहे. त्याचे मूळ ऑगस्टीन यांच्या २११ व्या पत्रात शोधले जाते. हे पत्र एका मठातील भगिनींना लिहिलेले आहे, आणि ज्या प्रसंगात हे शब्द येतात तो प्रसंग पुरुषांवर नजर खिळविणाऱ्या भगिनीला ताळ्यावर कसे आणावे याचा, म्हणजे लैंगिक मर्यादेचाच आहे. परंतु लॅटिनमध्ये ऑगस्टीन यांनी योजलेले शब्द ‘माणसे’ व ‘दोष’ असे आहेत. ‘पापी’ व ‘पाप’ असे नाहीत. प्रचलित वचनाने ‘माणसा’च्या जागी ‘पापी’ बसविला, आणि तेथे सारा घोटाळा झाला. ‘पापी’ हा शब्द ‘पाप’ या शब्दालाच प्रत्यय लागून झालेला आहे. ज्याच्यापाशी पाप आहे तो पापी. कर्ता कर्मापासून वेगळा काढावा असा उपदेश करावयाचा आणि कर्त्याला नाव मात्र त्या कर्मावरूनच द्यावयाचे, हा वदतोव्याघात आहे. ज्या व्यक्तीला उद्देशून हे वचन उच्चारले जाते तिला त्यात प्रेम ऐकू येत नाही याचे नवल नको.

आधुनिक मंडळ्यांची अधिकृत वाक्ये तपासली असता हाच दोष वाक्यरचनेच्या पातळीवर दिसतो. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट मंडळीचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९७२ साली अटलांटा येथील महापरिषदेपुढे जो मसुदा आला त्यात समलिंगी व्यक्ती पवित्र मोलाच्या आहेत व त्यांचे मानवी आणि नागरी हक्क सुरक्षित राहिले पाहिजेत, असे विधान होते. सभागृहात एका उपसूचनेने त्या वाक्याच्या शेवटी ‘जरी’ या अर्थाच्या अव्ययाने सुरू होणारा एक गौण उपवाक्यखंड जोडण्यात आला : मंडळी त्या आचरणाला मान्यता देत नाही व ते ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत मानते. व्याकरणाने हक्क मुख्य वाक्यात होते, नापसंती गौण वाक्यात. व्यवहारात मात्र गौण वाक्याने मुख्य वाक्यावर राज्य केले. १९८४ साली तशा व्यक्तींच्या दीक्षाविधीवर बंदी आली. २०१९ च्या विशेष अधिवेशनात परंपरावादी योजना ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी संमत झाली. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेतील साडेसात हजारांहून अधिक स्थानिक मंडळ्या बाहेर पडल्या. २०२४ साली शार्लट येथे दीक्षाविधीवरील बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली आणि तो ‘जरी’चा खंडही गळाला. बाहेर पडल्या त्या बहुतांशी तो खंड जपू पाहणाऱ्या मंडळ्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ५१ या आकड्याचा उलगडा होतो. वाद मिटला नव्हता. वादी निघून गेला होता.

मराठी व्याकरणकारांनी ‘परंतु’, ‘पण’ या अव्ययांना ‘न्यूनत्वबोधक’ म्हटले ते किती मार्मिक आहे! पहिल्या वाक्यात काही उणे राहिले आहे, हे ही अव्यये सुचवितात. १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेने ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत केलेल्या ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याचे वचन आणि त्या आचरणाचा पवित्र शास्त्राशी असलेला विरोध ही एकाच ठरावात शेजारी बसविली आहेत. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही कृत्यांचा निषेध आणि व्यक्तींविषयी आदर, करुणा व हळुवारपणा राखण्याचा आदेश लागोपाठच्या परिच्छेदांत येतात. या संहितांच्या कर्त्यांवर दांभिकतेचा आरोप करणे अन्यायाचे होईल. दोन्ही बाजू त्यांना मनापासून मान्य होत्या. पण ज्याला उद्देशून वाक्य आहे तो मधला ‘परंतु’ आधी ऐकतो. १८ डिसेंबर २०२३ रोजी रोमहून निघालेल्या ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ या घोषणापत्राने वेगळी वाट चोखाळली. विवाहाचा सिद्धांत होता तसा ठेवून, उपासनाविधीच्या बाहेर, अनौपचारिक आशीर्वाद देण्यास त्याने मुभा दिली. पुढच्याच महिन्यात निघालेल्या खुलाशात असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा असे सांगावे लागले, आणि आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने तो देण्याचे नाकारले. येथे अव्यय टाळले खरे, पण त्याचे काम घड्याळाकडे सोपविले.

तथापि एक गोष्ट निःपक्षपातीपणे नमूद केली पाहिजे. योहानातील कथा समलिंगी संबंधांचा प्रश्न सोडवू शकत नाही. कारण तेथे कृत्य पाप आहे हे गृहीत आहे, आणि आजचा वाद नेमका त्या गृहीतावर आहे. तो वाद पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील ‘आर्सेनोकोइताई’ या विरळ शब्दाशी येऊन ठेपतो. हा सामासिक शब्द लेवीयच्या ग्रीक भाषांतरातील ‘पुरुष’ व ‘शय्या’ या दोन पदांवरून घडविला गेला असावा, हे परंपरावाद्यांचे म्हणणे भाषाशास्त्रदृष्ट्या बळकट आहे, आणि उदारमतवादी टीकाकार ते ज्या सहजतेने झटकून टाकतात ती समर्थनीय नाही. पण १९४६ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीने हा शब्द व त्याच्या शेजारचा ‘मालाकोई’ हे दोन्ही मिळून ‘समलिंगी’ या अर्थाच्या एकाच शब्दात भाषांतरित केले, ही निराळी चूक होती. तो आधुनिक शब्द १८६८-६९ च्या सुमारास जर्मन भाषेत घडला. तो कृत्याचे नव्हे, प्रकृतीचे नाव आहे. १९७१ च्या आवृत्तीत भाषांतर बदलण्यात आले. तोवर पाव शतक इंग्रजी वाचकाने पौलाच्या तोंडी माणसांच्या एका जातीचा निषेध ऐकला होता.

माणसाला पापाचे नाव दिल्याने करुणेचे काय होते, याचा सर्वांत दुःखद दाखला मग्दालीया मरियेचा. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची व लूकच्या सातव्या अध्यायातील अनामिक पापी स्त्रीची सांगड घातली. संहितेत तिला आधार नाही. पुढे पतित स्त्रियांसाठी निघालेल्या आश्रयगृहांना तिचे नाव मिळाले. लंडनमधील असे गृह १७५८ चे. आयर्लंडमधील मग्दालीन धुलाईगृहांत हजारो मुली व स्त्रिया बंद दाराआड बिनमोल राबल्या. त्यांतील शेवटचे १९९६ साली बंद झाले, आणि २०१३ साली तेथील सरकारला क्षमा मागावी लागली. ‘जा’ ही आज्ञा या गृहांनी वाचलीच नाही.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचा अनुभव महाराष्ट्रातील अभ्यासकाला विशेष विचारात घ्यावा लागतो. १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत, इंग्लंडमधील वास्तव्यात फुलहॅम येथे वाँटिजच्या भगिनींनी पतित स्त्रियांसाठी चालविलेले कार्य पाहून आपल्या विचारांना कलाटणी कशी मिळाली, हे त्यांनी सांगितले आहे. अशा स्त्रियांविषयी ही कळकळ का, असे त्यांनी विचारले असता त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. ती योहानाच्या चौथ्या अध्यायात आहे. सूक्ष्मपणे पाहता त्या अध्यायात ‘पाप’ हा शब्द एकदाही येत नाही, क्षमेचेही नाव नाही. पाच पती झाले आणि आताचा पती नव्हे, एवढी वस्तुस्थिती येशू सांगतो व ती खरे बोलली म्हणून तिची वाखाणणी करतो. पाचांतील किती मेले आणि किती जणांनी तिला सोडले, हे संहिता सांगत नाही. ‘पतिता’ हा शिक्का भाष्यकारांचा. तरुण वयात वैधव्य आलेल्या, आणि विधवेकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे जाणणाऱ्या रमाबाईंना ही कथा जाऊन भिडली, यात आश्चर्य नाही.

हिंदू समाजात असे कार्य आपण पाहिले-ऐकले नव्हते, हे रमाबाईंचे म्हणणे मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ साली बालहत्याप्रतिबंधकगृह काढले होते. तेथे येणाऱ्या विधवेला तिचा अपराध विचारला जात नव्हता. वारकरी परंपरेत गणिकेची मुलगी कान्होपात्रा संतमालिकेत बसली, आणि ‘पतितपावन’ हे विठ्ठलाचे बिरुद घरोघर गायले गेले. पण बिरुद गाणे वेगळे आणि घराचे दार उघडणे वेगळे. फुले यांच्या गृहासारखी दारे मोजकी होती, आणि रमाबाईंचा रोख ध्यानी घेता त्यांचे विधान तपशिलात सदोष पण दिशेने यथार्थ ठरते. केडगाव येथे मुक्तिसदनात त्यांनी अशा स्त्रियांसाठी जो स्वतंत्र विभाग काढला त्याला ‘कृपा सदन’ हे नाव दिले. इंग्रजी नमुना डोळ्यांसमोर असता मग्दालीयेचे नाव सहज सुचण्यासारखे होते. त्यांनी आत येणारीच्या दोषावरून नाव न ठेवता तिला तेथे जे मिळावयाचे त्यावरून ठेवले. तेथील शिस्त कडक होती आणि नीतीविषयी रमाबाईंच्या कल्पना यत्किंचितही शिथिल नव्हत्या. नव्या टीकाकारांना त्यांची धर्मनिष्ठा जाचक वाटते, ती यामुळेच. पण शिस्त दाराच्या आत होती, दारावर नव्हती.

मराठी भाषांतरकारापुढे या कथांनी टाकलेला पेच अजून सुटलेला नाही. मराठीत अपराध ‘पोटात घालता’ येतो आणि माणूस ‘पदरात घेता’ येतो. पहिल्या प्रयोगात अपराधाची वाच्यता संपते. तो दिसेनासा होतो. दुसऱ्यात माणूस आपला होतो, त्याच्या अपराधाविषयी प्रयोग काही बोलत नाही. रोमकरांस पत्रात पौलाने एकमेकांचा स्वीकार करण्यास सांगताना जे क्रियापद वापरले आहे, ते या दुसऱ्याच्या निकटचे. आणि तेथील संदर्भ अन्नपाण्याचा व सणवारांचा आहे, लैंगिक नीतीचा नाही. आठव्या अध्यायातील ती दोन विधाने मराठीत आणताना भाषांतरकाराला पोटात घालणे वापरता येत नाही, कारण पापाचा उच्चार लगेच पुढे आहे. आणि ‘स्वीकार’ हा सभेच्या ठरावातला शब्द त्या स्त्रीच्या कानी पडला असता तर तिला कळला नसता. ‘बाई’ म्हणावे तर ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून निवड करावी लागते, जी ग्रीकने करावयास लावली नव्हती. आणि मधल्या त्या जागी मराठी कानाला काहीतरी अव्यय हवेसे वाटते. ‘पण’ तेथे आपोआप जिभेवर येतो.